कुंद्याची साक्ष

बेळगावात कुंदा म्हटले की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते. मी ज्या कुंद्याविषयी लिहिणार आहे तो मात्र खाण्याचा नव्हे. बंदुकीच्या लोखंडी नळीला जे लाकडी अंग असते, ज्याचा मागचा भाग नेमबाज खांद्याला लावतो, त्याला आपल्या जुन्या मराठीत कुंदा म्हणतात. नोकरीतली शेवटची काही वर्षे आणि निवृत्तीनंतरचा बराचसा काळ मी असे जुने कुंदे साफ करण्यात घालवला. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हा सुतारी छंद कुठून लागला, असे पुष्कळजण विचारतात. त्यांना मी सांगतो, की इतिहासाच्या पुस्तकात लढाईची तारीख असते, सेनापतीचे नाव असते. पण हत्यार ज्याच्या हातात होते त्याचे नाव नसते. त्याच्या हाताचे तेल आणि घाम मात्र लाकडात मुरलेले असतात.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. मी बंदूक उडवीत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या घडणीच्या, पुराणवस्तूचे मोल असलेल्या किंवा मोडलेल्या आणि दुरुस्त करूनही उडवता येणार नाही अशा हत्याराला सूट आहे. अशी किंवा ज्याचे कागद नीट आहेत अशीच वस्तू मी हातात घेतो. चाप चालू करून देणे, नळीचा कान मोकळा करून देणे ही कामे माझी नव्हेत. माझे काम लाकडाचे.

या छंदात पडल्यावर पहिल्यांदा लक्षात आले ते भाषेचे. ठासणीच्या बंदुकीला मराठीत किती शब्द आहेत! नळीच्या बुडाशी असलेले भोक म्हणजे कान. कानाजवळच्या पेल्यात घालायची बारीक दारू म्हणजे रंजक. ती पेटवणारी सुताची जळती दोरी म्हणजे तोडा किंवा जामगी. दारू-गोळी ठासायचा दांडा म्हणजे गज. दारू ठेवायचे ते शिंगडे. यातले कितीतरी शब्द आज आपण वेगळ्याच अर्थाने वापरतो. एखाद्या सभेतल्या भाषणाला 'फुसका बार' म्हणताना ओलसर दारूची आठवण कोणाला येते? 'बंदूक' हा शब्द अरबी. एका गोल, कठीण कवचाच्या फळाचे ते नाव, त्यावरून गोळी आणि गोळीवरून हत्यार. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे दोन शब्द मात्र आपल्या शेजारच्या गोव्यातून, पोर्तुगीजांकडून आले.

गोव्याचे नाव निघालेच आहे तर थोडे तिकडे वळू. १५१० साली आफोन्सो द आल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेतला. पोर्तुगीजांनी हिंदुस्थानाला बंदूक शिकवली असे सरधोपट सांगितले जाते; पण आल्बुकर्कनेच १५१३ मध्ये आपल्या राजाला लिहिताना गोव्याच्या बंदूक घडवणाऱ्या कारागिरांची तुलना बोहेमियाच्या कारागिरांशी केली आणि ते त्यांच्या तोडीचे असल्याचे म्हटले. बोहेमिया म्हणजे त्या काळी युरोपातले बंदुकांचे नावाजलेले ठिकाण. म्हणजे गोव्यात ही विद्या आधीच होती. तुर्की आणि अरबी व्यापारी वाटांनी आलेली आणि आपल्या लोहारांनी अंगवळणी पाडलेली. पुढे १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर पहिली बंदूक पोचली. त्या बंदुकीची घडण गोवा-मलाक्का भागातल्या बंदुकांच्या घराण्यातली, असे अनेक अभ्यासक मानतात. मांडवीकाठच्या एखाद्या लोहाराच्या हातचा चाप जपानच्या इतिहासाला वळण देऊन गेला असेल, ही कल्पना मला नेहमी सुखावते. त्या लोहाराचे नाव अर्थातच कुठे लिहिलेले नाही.

तोड्याची बंदूक चालवणे म्हणजे स्वयंपाकासारखे काम. शिंगड्यातून मापाने दारू नळीत ओतायची, वर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, मग गोळी, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचे. कानाशी रंजक भरायची. जळता तोडा चापाच्या सापासारख्या तोंडात अडकवायचा. कळ दाबली की तोडा रंजकीवर टेकतो, रंजक भडकते, तिची आग कानातून आत जाते आणि बार होतो. कधी नुसती रंजकच भडकायची आणि बार उडायचाच नाही. पाऊस आला की सगळे गुंडाळून बसायचे. रात्री जळत्या तोड्याचा ठिपका शत्रूला दिसायचा. पण हिचा मोठा गुण असा, की गावच्या लोहार-सुताराला ती दुरुस्त करता येत असे.

तोड्यानंतर चकमकीची बंदूक आली. गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पाडायची. महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयनने जी कवायती पायदळे उभी केली, त्यांच्यासाठी आग्र्याच्या कारखान्यात सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर अशा बंदुका तयार करवून घेत असे. युरोपातल्या मालाच्या तोडीची बंदूक तिथे दहा रुपयांत पडे, असे त्या काळाविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदले आहे. ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी बांधवांनी हा तपशील अभिमानाने सांगावा असा आहे. कंपनी सरकारच्या शिपायांच्या हाती याच जातीची, ३९ इंची नळीची 'इंडिया पॅटर्न' बंदूक होती. त्यानंतर आली टोपीची बंदूक. १८०७ मध्ये फॉर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाची पेटंट घेतली आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत तांब्याची इवलीशी टोपी चकमकीच्या जागी बसली. हे तत्त्व ज्यांना समजत नाही त्यांना मी दिवाळीतले मुलांचे पिस्तूल दाखवतो. टिकलीवर घोडा आपटतो आणि आवाज होतो, तेच हे.

०००

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमचा हा सीमाभाग एके काळी हत्यारबंद होता. गडकरी, शेतसनदी, देसायांचे शिबंदी, बेरड, रामोशी. ज्याच्याकडे वतनाची चार बिघे जमीन त्याच्याकडे भिंतीला एक बंदूक. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यासमोर धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला तो अशाच लोकांशी झालेल्या चकमकीत. १८४४ मध्ये गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले तेव्हाही याच बंदुका बुरुजांवर होत्या.

मग १८५७ साल आले. त्या सप्टेंबरात सरकारने शस्त्रे ताब्यात घेण्याचा कायदा केला आणि दक्षिण मराठा मुलखात तो लगेच लागू झाला. गावोगाव दवंडी पिटली. बंदुका, तलवारी, भाले आणून जमा करा. मुधोळच्या घोरपडे संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी नकार दिला. त्यांचा प्रश्न साधा होता. बंदूक आणि भाला हीच ज्यांची चाकरी, हीच शिकार आणि हीच अब्रू, त्यांनी ती दिल्यावर खायचे काय? नोव्हेंबरच्या अखेरीस घोडदळ आले, गावाला आग लावली, पुष्कळ माणसे मारली आणि डिसेंबरात उरलेल्यांपैकी अनेकांना मुधोळात आणि हलगलीत फाशी दिले. त्यांच्यातल्या जडग आणि बाळ्या यांची नावे लोकांच्या तोंडी राहिली. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने पुढे गोळा केलेल्या कानडी लावण्यांत हलगलीची लावणी आहे, म्हणून आज आपल्याला ही हकीकत बेरडांच्या बाजूनेही ऐकायला मिळते. एरवी सरकारी कागदात तो 'बंदोबस्त' एवढाच उरला असता.

पुढच्या वर्षी नरगुंदचे संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे यांनी उठाव केला. दत्तक नामंजूर झाल्याचा राग होताच, शस्त्रे काढून घेतल्याचाही होता. २९ मे १८५८ च्या रात्री सुरेबान येथे पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला आणि १२ जूनला बाबासाहेबांना आमच्या बेळगावात फाशी दिले गेले. त्यानंतर १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा झाला. यात एक अपवाद कोडगूचा. तिथल्या कोडव लोकांना आणि जम्मा जमिनीच्या धारकांना इंग्रजांनी परवान्यातून सूट दिली. ती स्वतंत्र भारतातही चालू राहिली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली. एकाच राज्यातल्या दोन मुलखांची ही दोन नशिबे. राज्यकर्त्यांशी जुळवून घेतलेल्यांच्या घरी बंदूक राहिली, नाही म्हणणाऱ्यांच्या घरी राहिली ती खुंटी.

आणि हत्यार गेल्यावर बेरडांचे पुढे काय झाले, हे ज्यांना वाचायचे असेल त्यांनी बेळगावजवळच्या यमनापूरचे डॉ. भीमराव गस्ती यांचे 'बेरड' हे आत्मकथन वाचावे. मी वेगळे काही सांगण्याची गरज नाही.

०००

आता कुंद्याच्या कामाविषयी. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बंदुका खंडेनवमीच्या पूजेतल्या असतात. दर वर्षी हळदकुंकू, मधूनच खोबरेल, आणि घराला रंग देताना उरलेला ऑइलपेंट. एका कुंद्यावर मी हिरवा, तांबडा आणि चंदेरी असे तीन थर मोजले आहेत. माणसे प्रेमानेच रंगवतात, त्यांना दोष देता येत नाही.

पहिले काम लाकडाचे नसते. बंदूक भरलेली आहे काय ते बघण्याचे असते. नळीचे तोंड कोणाकडेही न करता गज आत बुडापर्यंत सोडायचा, तोंडाशी खूण करायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. खूण कानापर्यंत पोचली तर नळी रिकामी. चार बोटे कमी पडली तर आत काहीतरी आहे. एका वाड्यातून आलेल्या बंदुकीत असे चार बोटांचे अंतर पडले होते. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही मरत नाही. मी ती तशीच ओल्या पोत्यावर ठेवून पोलीस ठाण्यात कळवले आणि परवानाधारक कारागिराने ती भिजवून रिकामी केली. त्या घरातली मुले कित्येक वर्षे दसऱ्याला त्या नळीत डोळा घालून बघत आली होती.

लाकडाचे तंत्र मला आमच्या गल्लीतल्या मेस्त्रींनी शिकवले. त्यांचा पहिला नियम: "गुरुजी, पॉलिश कागद लावू नका. कागदानं घाण जात न्हाई, लाकूड जातंय." रंग मऊ करून लाकडी पट्टीने काढायचा. लाकडाला पडलेला खोक मोडलेला नसेल, नुसता दबलेला असेल, तर त्यावर ओला फडका ठेवून गरम इस्त्री टेकवायची. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. चापाजवळ शे-दीडशे वर्षांचे तेल मुरून लाकूड काळे पडलेले असते, तिथे खडूच्या भुकटीचा लेप देऊन ते तेल वर ओढून घ्यायचे. शेवटी जवसाचे तेल. आमच्याकडे ज्याची चटणी भाकरीवर खातात तेच जवस, कानडीत अगसी. त्याचे तेल हवेने सुकून लाकडात घट्ट बसते. विलायती कारागिरांचा एक नेम सांगतात: आठवडाभर रोज एकदा, महिनाभर आठवड्याला एकदा, वर्षभर महिन्याला एकदा आणि मग जन्मभर वर्षातून एकदा. तळहाताने चोळायचे, हात गरम होईपर्यंत. मात्र तेलाचे फडके चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावेत.

आपल्याकडचे कुंदे बहुधा शिसवीचे. खानापूर-दांडेलीच्या रानात ती मुबलक होती. विलायती बंदुकांचे अक्रोडाचे. शिसव जड, तेलकट आणि काळपट. अक्रोड हलका, त्याचे रेषांचे वळण वेगळे. हातात घेतल्याबरोबर फरक कळतो.

०००

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घटप्रभेच्या काठच्या आपल्या गावाहून एक बंदूक घेऊन आला. नियमाप्रमाणे निकामी करून घेतल्याचा कागद बरोबर होता. म्हणाला, "गुरुजी, आज्जी म्हणते ही सत्तावन्न सालातली. साहेबाला दिली नाही, विहिरीत लपवली होती. नातवाच्या लग्नाआधी चकाचक करून द्या. मांडवात ठेवायची आहे."

मी नळी पाहिली. टोपीची बंदूक. नळीच्या बुडाशी लंबगोलात तीन रोमन अक्षरांचा ठसा आणि वर मुकुट. हा बेल्जममधल्या लिएज शहराच्या तपासणी-घराचा ठसा. त्या ठशावर मुकुट आला तो १८९३ पासून. म्हणजे ही नळी सत्तावन्न सालातली असणे शक्यच नव्हते. बेल्जमचा स्वस्त माल त्या काळी जगभर जात होता. शेतराखणीसाठी परवाना काढून कोणीतरी ती घेतली असणार.

हे आज्जींना कसे सांगायचे, या विचारात मी रंग काढायला घेतला. तांबड्या रंगाखाली शिसव निघाली. विलायती नळीला गावठी शिसवीचा कुंदा? दस्ता सरळ आणि पाच पैलूंचा. टोपीच्या बंदुकीला असा दस्ता कोणी मुद्दाम करत नाही. चापाचे घर उजव्या अंगाला कोरलेले होते आणि त्या कोरीव भागाचे लाकूड बाकीच्यापेक्षा उजळ होते. नळीच्या मागे, कुंद्याच्या वरच्या अंगाला एक लांबट चीर दुसऱ्या लाकडाची पट्टी ठोकून बुजवलेली. तोड्याचा साप जिथून वर येतो ती ही जागा. पुढच्या भागावर आडवे वळ, नळी तारेच्या वेढ्यांनी बांधत असत त्यांचे. विलायती नळी तर स्क्रूने बसवलेली होती.

म्हणजे नळी नवी, कुंदा जुना. हा कुंदा तोड्याच्या बंदुकीचा होता. तिची नळी कधीतरी गेली आणि लाकूड घरात राहिले; पुढे दुसरी नळी आल्यावर ते तिला कापून-कोरून बसवले. नळी कोणत्या वर्षी गेली, दिली की हिसकावली, हे लाकूड सांगत नाही. इतिहासाच्या माणसाने लाकडाच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. पण शस्त्रे जमा करायच्या दिवशी सरकारला हवे होते ते लोखंड. आणि एखाद्या घराने लोखंड देऊन लाकूड मागे ठेवले असेल, तर 'दिली नाही' हे आज्जींचे वाक्य खोटे म्हणता येत नाही.

मी त्यांच्या गावी गेलो. ठशाची गोष्ट सांगितली, बुजवलेली चीर दाखवली. आज्जींनी चिरेवरून बोट फिरवले आणि कानडीत नातवाला काही म्हणाल्या. त्याने मराठीत सांगितले, "आज्जी म्हणते, लोखंड काय, बाजारात मिळतं." एवढे बोलून त्या चहाचे बघायला आत गेल्या.

आता चकाचक करण्याचा प्रश्न. चीर भरून, वळ घासून, वर चपड्याचे पॉलिश मारले असते तर मांडवात ती बंदूक आरशासारखी चमकली असती, आणि तिच्याजवळ असलेला एकमेव पुरावा भुशाबरोबर केरात गेला असता. मी नातवाला तसे सांगितले. तो थोडा हिरमुसला, मग तयार झाला. फक्त जवसाचे तेल दिले. चीर, वळ, चापाच्या घराचे उजळ लाकूड, सगळे जिथल्या तिथे आहे.

वाचकहो, सीमाभागात, कोकणात, गोव्यात अजून किती घरांत अशा बंदुका खुंटीला आहेत याची मोजदाद कोणी केलेली नाही. शेतराखणीच्या ठासणीच्या बंदुकीला आजचा कायदाही वेगळी जागा देतो, आणि निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करण्याची पाळीही अनेकांवर येते. तुमच्या घरी एखादी असेल तर तीन गोष्टी करा. तिचे कागद नीट करून घ्या. ती भरलेली नाही याची जाणत्याकडून खात्री करा. आणि यंदाच्या दिवाळीत घराला रंग द्याल तेव्हा उरलेला डबा तिच्याकडे वळवू नका. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तिच्याविषयी जे आठवते ते वहीत लिहून ठेवा, तारीख घालून. ते बरोबर की चूक हे नंतर लाकूड आणि लोखंड सांगेल. पण लिहिलेच नाही तर ताडून बघायला काही उरणार नाही.